एकवीस श्वास

हसून झालं? अजून कुणाला नक्कल करायची असेल तर करून घ्या. मी तोवर चहा संपवतो.

बस इथे, हिरो. तुझ्यावर रागावलो नाही मी. तू आज पहिल्यांदाच डोंगरात डेडबॉडी सोडायला गेलास. बरोबरच्या बाईनं प्रत्येक फाट्यावर गाडी थांबवायला लावली, खाली उतरून अंधारात हाका मारल्या, आणि तुला हसू आलं. येतं. मलाही यायचं. याच खोलीत बसून मी तुझ्यापेक्षा झकास नक्कल करायचो. 'मेलेल्याला रस्ता सांगतात, आणि इथे जिवंत ड्रायव्हरला कुणी धड पत्ता सांगत नाही', हा विनोद मूळचा माझा आहे बरं का. तू चड्डीत असशील तेव्हाचा.

दार तेवढं लोटून घे. थंडी आत येतेय. आणि कुणाचा कॉल आला तर खुशाल उठून जा, मी काही कीर्तन लावलेलं नाही.

आमच्या हॉस्पिटलच्या गाड्यांवर एक ड्रायव्हर होता, त्याला सगळे मिनिट म्हणायचे. आम्ही रजिस्टरमध्ये 'रात्री दहाला निघालो' असं ठोकून द्यायचो, हा 'दहा वाजून चार मिनिटं' लिहायचा. परत आल्यावर पण तसंच. साहेब लोकांना त्याचं कौतुक आणि आम्हाला ताप. पण माणूस सोन्यासारखा. कुणाची नाइट बदलून हवी असली की आधी मिनिटकडे जायचं, तो नाही म्हणायचा नाही. घरी बायको आणि पाच वर्षांची एकुलती एक लेक. लेकीवर जीव म्हणजे किती, तर खिशात तिची तुटलेली क्लिप घेऊन फिरायचा.

वीस वर्षं झाली. बारा जानेवारी, बुधवार. रात्री नऊ वाजून वीस मिनिटांनी मिनिटला निरोप आला की मुलांच्या वॉर्डातून एक बॉडी वर डोंगरात न्यायची आहे. चौसष्ट किलोमीटर. सात वर्षांची मुलगी, ताप मेंदूत गेलेला. सोबत फक्त तिची आई. बाप घरी होता, धाकट्या पोराला सांभाळत. त्याला फोनवर कळवलं होतं, आणि वरची माणसं खड्डा खणायला लागली होती.

खिडकीतला क्लार्क आईला म्हणाला, सकाळी न्या की, ती काय आता पळून जाणार आहे? त्याला वाटलं आपण शहाणपणाचं बोललो. बाई रडली नाही, भांडलीही नाही. तिनं सांगितलं की आमच्यात लहान लेकराला एक रात्रसुद्धा बाहेर ठेवत नाहीत, ते घाबरतं. क्लार्कनं मिनिटकडे बघून डोळा मारला. मिनिट पण हसला. हे त्यानंच मला सांगितलं, म्हणून सांगतोय. स्वतःचं काही लपवणारा माणूस नव्हता तो. एक गोष्ट सोडून.

नऊ सत्तेचाळीसला गाडी निघाली. शहर संपलं, पेट्रोल पंप मागे पडला आणि पहिला फाटा आला. बाईनं मधल्या काचेवर टकटक केलं. उतरली. आपल्याला ज्या रस्त्यानं जायचं होतं त्या रस्त्यावर चार पावलं पुढे जाऊन उभी राहिली, आणि मागे तोंड करून लेकीला नावानं हाक मारली. नाव मला माहीत आहे. रात्री घेत नाही मी ते. हाक कशी, तर खेळायला गेलेल्या पोरीला जेवायला बोलवावं तशी. "ये गं, इकडून ये. मी इथेच आहे." मग गप्प उभी राहिली. मिनिट घड्याळ बघत बसला.

गाडीत परत चढताना तिनं स्वतःहून सांगितलं. मेलेल्याला दिसत नाही, ऐकू येतं. शरीर गाडीतून पुढे जातं, पण ते माणूस मागून पायी येत असतं. फाट्यावर कुणी हाक मारली नाही तर त्याला कळत नाही कुठे वळायचं. हाक मारायची आणि ते गाठेपर्यंत थांबायचं. मोठ्या माणसासाठी सात श्वास. लेकरासाठी एकवीस.

मिनिटनं विचारलं, लेकराला जास्त का?

तर म्हणाली, "पाय लहान असतात ना हो."

हे त्यानं मला सांगितलं, तेव्हा माझी नक्कल कायमची बंद झाली. तोवर आमच्या दृष्टीनं ती अडाणी माणसं होती, मंतरतंतर करणारी. कुणी तरी छापूनसुद्धा आणलं होतं, की ही जमात रात्री रस्ता अडवून भुतांना बोलावते. छापणाऱ्यानं कुणाला विचारलं नसणार, की बाई, हे काय करतेस?

तर रस्त्यात असे नऊ फाटे. एकवीस श्वास म्हणजे जेमतेम दीड मिनिट, पण उतरणं-चढणं धरून एका फाट्याला तीन मिनिटं तरी जायची. मिनिटनं चार फाट्यांवर निमूट गाडी थांबवली. चौथ्यावर बाई खाली उतरलेली असताना त्याचा फोन वाजला. बायको होती. लेक तापलीय, एकशे तीन आहे, पाण्याच्या पट्ट्या ठेवतेय, तुम्ही कधी येताय?  मागे तापानं गेलेली पोर, आणि घरी तापलेली पोर. तिथून पुढे तो एकेक मिनिट मोजायला लागला.

पाचवा, खाणीचा फाटा. डावीकडे बंद पडलेली दगडाची खाण, उजवीकडे डोंगर. तिथे तो अकरा बावन्नला पोचला. गाडी हळू केली, टकटक होईल म्हणून वाट पाहिली. झाली नाही. त्यानं काचेतून मागे पाहिलं. बाईला झोप लागली होती. चार रात्री वॉर्डात तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. लेकीच्या पायांवर हात ठेवून, मान टाकून झोपली होती.

उठवायचं का?

मिनिटनं नाही उठवलं. उजवीकडे वळला आणि गिअर टाकला.

पुढे कितीतरी वर्षं तो मला म्हणायचा, अरे, दया आली मला, बिचारी किती दमली होती. मी पण म्हणायचो, बरोबर आहे. मग एकदा असाच बसलेला असताना आपणहून म्हणाला, "दया नव्हती रे. मला ती तीन मिनिटं वाचवायची होती."

सहाव्या फाट्याच्या जरा आधी बाई दचकून उठली. काचेवर हात मारला. मिनिटनं गाडी थांबवली. तिनं विचारलं, खाणीचा फाटा गेला का हो?

"गेला. तुम्ही झोपला होता म्हणून मीच उतरलो. मी हाक दिली."

"नावानं?"

"नावानं."

"आणि थांबलात?"

"एकवीस," मिनिट म्हणाला.

बाईनं दोन्ही हात जोडले. असल्या बाबतीत कुणी खोटं बोलेल, हे तिच्या मनातच आलं नाही. ती उतरली, सहाव्या फाट्यावर हाक मारली, थांबली. एकवीस झाले असतील, पण ती हलेना. म्हणाली, अजून आली नाही वाटतं. मिनिट म्हणाला, येईल मागून, रस्ता सांगितलाय तिला. मग चढली बिचारी. पण सातव्याला जरा मोठ्यानं हाक मारली. आठव्याला आणखी मोठ्यानं. नवव्याला तिचा आवाज फाटला होता.

वरची माणसं कंदील घेऊन उभी होती. घराच्या अंगणातच खड्डा. हो हो, दारात पुरतात ते लोक, आणि त्यावरूनही आपण नाकं मुरडतो, यांना किळस कशी नाही म्हणून. लेकराची कसली रे किळस? घरातली बोलणी तिला ऐकू यावीत, एवढंच त्यांच्या मनात असतं. पोरीला कुशीवर निजवलं, गुडघे पोटाशी घेऊन, ती रोज झोपायची तसं. तोंड दाराकडे. आणि पहिली मूठ माती टाकायच्या वेळी बाप मिनिटकडे आला. बाईनं त्याला सांगितलं होतं ना, की या भल्या माणसानं खाणीच्या फाट्यावर हाक दिली. त्यांच्यात असं आहे, की वाटेत ज्यानं हाक दिली तो नात्यातला झाला. बाप म्हणाला, आजपासून तुम्ही तिचे मामा, पहिली माती तुमची.

मिनिटनं माती टाकली. काय करणार होता? तिथे खरं बोलायला छाती लागते. ती त्याच्याकडे नव्हती. माझ्याकडेही नसती.

परत निघाला तेव्हा दोन वाजून गेले होते. रिकामी गाडी. काच थोडी खाली केलेली, झोप येऊ नये म्हणून. दोन पस्तीसला खाणीचा फाटा आला. त्याला थांबायचं नव्हतं. पण पाय आपोआप ब्रेकवर गेला.

इंजिन चालू. दिवे चालू. रस्त्यावर कुणी नाही.

आणि मग त्याला ऐकू आलं...

पावलं. अनवाणी. लहान.

खाणीच्या रस्त्यानं धावत गेली. थोडीच. मग थांबली. मग परत आली, फाट्यापर्यंत. मग शहराच्या रस्त्यानं थोडी गेली. थांबली. परत आली. मग पुन्हा खाणीकडे...

कळतंय का रे? एकेक रस्ता जरासा जाऊन बघत होती. आणि परत येत होती. कुणी हाक मारेल म्हणून.

रडण्याचा आवाज नाही. काही नाही. नुसती पावलं.

मिनिटनं कसलाही आवाज केला नाही. श्वासही घेतला नाही. पण इंजिन चालूच होतं. आणि पावलांना ते ऐकू आलं.

ती गाडीच्या दिशेनं आली. भरभर. मग सावकाश. मग... दाराच्या बाहेर थांबली.

काच खाली होती.

त्यानं नुसतं खाली उतरायचं होतं. डोंगराच्या रस्त्यावर चार पावलं मागे जायचं, नावानं हाक मारायची. नाव त्याला माहीत होतं. तो तिचा मामा होता.



मिनिट पळाला. गिअर टाकला आणि उतारावर गाडी सोडली. आणि मागून पावलं धावत आली. खूप लांबवर आली. इंजिन एवढं ओरडत होतं तरी त्याला ती ऐकू येत होती. दमत होती. मागे पडत होती. फाट्याच्या खाली एक छोटा पूल आहे, तिथपर्यंत आली. मग नाही आली.

पहाटे तो याच खोलीत आला. त्या तिथे बसला, हिरो, तू बसलायस तिथेच. मला सगळं सांगितलं. आणि मी, मोठा शहाणा, काय म्हणालो ऐका. म्हटलं, झोप काढ, कुणाला बोलू नकोस, मेलेलं मेलं. तो निमूट घरी गेला. लेक अंथरुणात बसून दूध पीत होती. रात्रीतच ताप उतरला होता. साधा ताप होता तो.

सतरा दिवस गप्प राहिला. अठराव्या दिवशी वर गेला आणि आईसमोर उभं राहून सगळं सांगितलं. मारतील, गाडी जाळतील, असं समजूनच गेला होता.  बाई एवढंच म्हणाली, "घाबरली असेल हो ती."

त्या रात्री ती मिनिटबरोबर खाणीच्या फाट्यावर आली. उजाडेपर्यंत हाका मारल्या. पाऊल वाजलं नाही. मग तिनं विचारलं, शेवटची कुठे ऐकलीत? त्यानं छोटा पूल दाखवला. ती तिथल्या दगडावर बसली. म्हणाली, तिनं तुमच्या गाडीचा आवाज धरला असणार, इथे तो सुटला. आता ती कुणाच्या आवाजामागे गेली, कोण सांगणार? रात्री किती गाड्या जातात.

त्या बाईनं एक शिवी हासडली असती ना, तर मिनिट सुटला असता. तिनं दिली नाही.

मग एकोणीस वर्षं. महिन्यातून दोन-तीन रात्री, स्वतःच्या मोटरसायकलवर, मिनिट त्या रस्त्यानं जायचा. प्रत्येक फाट्यावर उतरायचा, हाक मारायचा, एकवीस श्वास थांबायचा. शहाणीसुरती माणसं त्याला वेडा म्हणायला लागली. ट्रकवाले शिट्ट्या मारायचे. बायकोनं विचारणं सोडून दिलं. लेक मोठी झाली, तिला केव्हा तरी कळलं की त्या रात्रीचा ताप तिचाच होता, आणि मग तीच त्याच्यासाठी थर्मासमध्ये चहा भरून द्यायला लागली. मला तो दर वेळी म्हणायचा, चल ना रे बरोबर. मी दर वेळी काहीतरी काम काढायचो. एकदाही गेलो नाही. हे माझं.

मागच्या नोव्हेंबरात तो वरच्या वॉर्डात होता. छाती भरलेली. आठ तारीख, शुक्रवार. मला जवळ बोलावून म्हणाला, एकोणीस वर्षं गाडीवरून शोधली, हीच चूक झाली. तिला शोधायचं तर पायीच जायला हवं. आता जातो. म्हटलं, गप रे, पुढच्या आठवड्यात घरी जाशील. त्यानं माझा हात धरला.

"मला घरी न्यायच्या आधी वर ने. छोट्या पुलावर दार उघड. मी तिथे उतरतो. मग खाणीच्या फाट्यावर हाक मार. दोघांना ऐकू जाईल अशी."

रात्री अकरा दहाला गेला. त्याचे हात मी स्वतः छातीवर घेतले, मनगटांना पट्टी बांधली. माझी गाठ सुटत नाही, तुम्हाला माहीत आहे. खाली त्याची लेक उभी होती. चोवीस वर्षांची. मी तिला म्हटलं, बाबांना जरा उशिरा घरी आणतो. ती म्हणाली, "जा काका. सकाळ झाली तरी चालेल." परवानगी वगैरे मी कुणाला विचारली नाही.

प्रत्येक फाट्यावर थांबलो. 'मिनिट, इकडून' म्हणून हाक मारली. सुरुवातीला माझी मलाच लाज वाटली. सात श्वास मोजले. छोट्या पुलावर दार उघडून उभा राहिलो. खाली पाण्याचा आवाज. बाकी काही नाही. खूप वेळ उभा होतो. मग दार लावलं.

खाणीचा फाटा. दोन वाजले होते. उजवीकडे चार पावलं गेलो. मागे तोंड केलं. दोघांना हाक मारली. आधी त्याला. मग तिला. नावानं.

सात झाले. मी तसाच थांबून राहिलो.

दहा...

पंधरा...

एकवीस.

काही ऐकू आलं नाही. खरं सांगतो. काहीच नाही. पाऊल नाही, वारा नाही. मी रडलो तिथे. एवढा घोडा माणूस, रस्त्यात उभा राहून रडलो. मग पुढच्या चार फाट्यांवर पण थांबलो. दर वेळी एकवीस.

वर पोचलो तेव्हा बाई दारात बसली होती. आता केस पांढरे झालेत, नवरा गेला, पोरगा कामाला शहरात, एकटीच असते. तिला कुणी कळवलं नव्हतं. मी मिनिट गेल्याचं सांगितलं. ती उठून गाडीपाशी आली, म्हणाली, दार उघडा, मला बघू द्या त्यांना.

मी दार उघडलं.

डावा हात छातीवर होता. पट्टी त्याच मनगटाला. गाठ तशीच.

उजवा हात... स्ट्रेचरच्या कडेवरून खाली आला होता. बोटं अर्धी मिटलेली. आपण रस्त्यानं चालताना लहान पोराचं बोट धरतो ना. तशी.

बाईनं वाकून पाहिलं. त्या मुठीत आपलं एक बोट घातलं. मग माझा हात ओढून तिथे लावला. मिनिटचं मनगट बर्फ होतं. तळहात आतून कोमट होता.

ती घराच्या दाराकडे वळली, पोरीला पुरलं होतं तिकडे. कुणाशी बोलतेय ते मी विचारलं नाही. आवाज रागावलेला होता, पण आई रागावते तेवढाच.

"इतका उशीर करतात होय गं?"

आणि मग एकोणीस वर्षांनी ती बाई रडली. मी गाडीला टेकून उभा राहिलो. उजाडलं तरी तिचं रडणं थांबलं नव्हतं.

सकाळी साडेआठला मिनिटला त्याच्या घरी आणलं. तोवर हात पूर्ण गार झाला होता. मी तो परत छातीवर घेऊन बांधायला बघितलं, बोटं सरळ होईनात. तसाच ठेवला. लेकीनं पाहिलं.  शेजारी बसली आणि बाबांचा हात धरावा म्हणून त्या मुठीत आपला हात घालायला लागली.

तिचा हात मावला नाही. आतली जागा फारच लहान होती.